उजेडाचा ठिपका

चौकट भिंतीवर होती. काच चौकटीत होती. काचेमागे मात्र पक्षी नव्हता. होता नुसता पांढरा पुठ्ठा.

फौजदारबाई त्या पुठ्ठ्यासमोर उभ्या होत्या. त्यांना फोन करून बोलावणारा तरुण मागे येरझाऱ्या घालत होता. डोळे तांबारलेले, दाढीचे खुंट वाढलेले, सदऱ्याचे बटण भलत्याच काजात.

"सकाळी दार उघडलं आणि हे! दुपारी परीक्षक येणार बाई, आणि नेमका हाच फोटो गेला. ताईचा शेवटचा."

"तुम्ही तिचे कोण?"

"धाकटा भाऊ. घरीदारी सगळे मला धाकटाच म्हणतात. माझा फोटो स्टुडिओ आहे. हे सगळे फोटो मी छापलेत."

प्रदर्शनाच्या त्या लांबट खोलीच्या चारही भिंती पक्ष्यांनी भरल्या होत्या. एका वर्षात जितक्या जातींचे रानपक्षी टिपता येतील तितके टिपायचे, असा त्याच्या ताईने ध्यास घेतला होता. पक्षीमित्रांच्या क्लबाचा नियम सोपा आणि कडक होता: पक्षी जिवंत हवा, मोकळा हवा आणि बटण आपल्याच बोटाने दाबायला हवे. वर्ष अर्ध्यावर आले आणि आजाराने तिला गाठले. ती थांबली नाही. नवऱ्याने तिला आधी गाडीतून नेले, मग उचलून नेले, आणि अखेरीस तळ्याकाठी एक खोली भाड्याने घेऊन तिची खाट खिडकीशी लावली. त्याच खिडकीतून तिने शेवटचा पक्षी टिपला. त्या एका पक्ष्याने ती क्लबातल्या जुन्या विक्रमाच्या पुढे गेली. पुढच्या आठवड्यात ती गेली.

"जुना विक्रम कुणाचा?"

"सरांचा." धाकट्याने तो शब्द थुंकल्यासारखा उच्चारला. "ताईला पक्षी शिकवले म्हणे त्यांनी. काल संध्याकाळी इथेच घुटमळत होते. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत खुपणार हा फोटो?"

"किल्ली?"

"दाराशेजारच्या खुंटीवर. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक."

"मूळ फोटो असेल ना तुमच्या कॉम्प्युटरवर?"

"तोही पुसलाय. कॅमेऱ्यातलं कार्डही नाही. स्टुडिओचं कुलूप मात्र शाबूत."

"त्याची किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे. भाऊजींकडे एक असते, पण ते घरचेच. सरांनी कुठून मिळवली, ते तुम्ही शोधा!"

फौजदारबाईंनी चौकट उतरवून उलटी केली. मागचे बारीक खिळे उपसलेले होते. ते त्यांना खिडकीच्या कट्ट्यावर सापडले: एका डबीच्या उलट्या झाकणात, लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीने. काच पुसून लख्ख केलेली होती. चोराला घाई नव्हती. फोटो काढून घेताना त्याला जणू कशालाच दुखवायचे नव्हते.

मग त्या एकेका फोटोसमोरून चालत गेल्या. घुबड, खंड्या, बुलबुल, हुदहुद. प्रत्येकाच्या डोळ्यात उजेडाचा एक बारीक पांढरा ठिपका होता.

"ताई म्हणायची, हा ठिपका आला की समजायचं पक्षी आपल्याकडे बघतोय. तोवर बटणाला हात लावायचा नाही. आणि मग एकेका पक्ष्याचे ढीगभर काढायची. निवडता निवडता माझा जीव जायचा."

"या शेवटच्याचे किती होते?"

"एकच."

"एकच?"

"थकली होती हो ती."

"तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"मी... बाहेर. गाडीपाशी. टायरमधली हवा बघत होतो."

निमंत्रणपत्रिकेवर तोच फोटो छापलेला होता. फौजदारबाईंनी एक पत्रिका पर्समध्ये टाकली.

*

सरांच्या खोलीत पुस्तकांनी खुर्च्या बळकावल्या होत्या. सर खाटेच्या कडेवर बसले आणि एकुलती मोकळी खुर्ची त्यांनी बाईंना दिली.

"मी चोर? अहो, माळ्यावरचा डबा काढायचा तर मला धरायला दोन माणसं लागतात. ती चौकट केवढ्या उंचीवर आहे!"

"पण विक्रम तुमचा मोडत होता."

"मोडू दे की. मोडावा म्हणूनच तर तिला शिकवलं." सरांनी चष्मा पुसला. "पहिल्या दिवशी कावळ्याचा फोटो घेऊन आली होती. म्हणाली, सर, हा माझ्याकडे बघत होता."

"या शेवटच्या पक्ष्याबद्दल सांगा."

"तळ्याकाठच्या बोरूच्या, त्या उंच गवताच्या, बेटात राहणारा छोटा बगळा. महालाजरा. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करतो आणि स्वतःच बोरू होऊन उभा राहतो. वारा आला, बोरू डुलले, की तोही त्यांच्याबरोबर डुलतो. समोर असून दिसत नाही."

बाईंनी पत्रिका पुढे केली. "तुम्ही फोटो नीट पाहिला होता?"

"नाही. काल गेलो होतो, पण त्या भिंतीपर्यंत पाय वळले नाहीत."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पत्रिका डोळ्यांजवळ नेली. पत्रिकेवरचे सारे बोरू वाऱ्याने डावीकडे झुकले होते. एक सोडून. ज्याला बगळ्याने पाय अडकवले होते, तो ताठ होता. आणि बगळाही.

"डोळा जरा मंद वाटतो, नाही?" बाईंनी विचारले.

"छपाई," सर घाईने म्हणाले. "छपाईत मार खातो डोळा." त्यांनी पत्रिका उलटी करून मांडीवर ठेवली आणि वर हाताचा तळवा ठेवला. "बाई, असं करा. माझं नाव लिहून टाका. मीच नेला. हेवा वाटला म्हणून."

"आणि माळ्यावरचा डबा?"

सरांनी उठून दार उघडून धरले.

*

तिचा नवरा घड्याळजी होता. दुकान म्हणजे जिन्याखालची एक चिंचोळी जागा. भिंतीभर घड्याळे आणि प्रत्येकात वेगळी वेळ. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळावर वाकला होता.

"एक तरी बरोबर वेळ दाखवतं का हो?" बाईंनी विचारले.

"जी दुरुस्त होतात ती लोक घेऊन जातात," तो मान वर न करता म्हणाला. "माझ्याकडे बंद पडलेलीच राहतात."

"ज्या दिवशी तो बगळा टिपला, त्या दिवशी तुम्ही खोलीत होता?"

"आत पाणी तापवत होतो. धाकट्याने बाहेरून हाक मारली, ताई, आला बघ! मी येईपर्यंत तिने कॅमेरा उशीवर ठेवलासुद्धा."

"खूश होती?"

"म्हणाली, मिळाला. आता पडदा ओढ."

"फोटो पाहिला तिने?"

"नाही."

"नंतर कधी?"

"कधीच नाही."

चिमट्याने त्याने घड्याळातला शेवटचा स्क्रू उचलला आणि शेजारच्या उलट्या झाकणात ठेवला. झाकणात लहानापासून मोठ्यापर्यंत स्क्रूंची ओळ लागली होती.

फौजदारबाईंनी ती ओळ पाहिली. बाई पाहताहेत हे त्यानेही पाहिले.

*

दुपारी परीक्षक बाहेर व्हरांड्यात थांबले होते. आत, रिकाम्या चौकटीपाशी, धाकटा, सर आणि घड्याळजी उभे होते.

"मी कबूल केलंय," सर म्हणाले. "आता शोधाशोध बंद करा."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" धाकटा त्यांच्या अंगावर धावला. "ती तुम्हाला देवासारखं मानायची, आणि तुम्ही?"

"थांबा," फौजदारबाई म्हणाल्या. "सरांनी काही नेलेलं नाही. सकाळी ते थट्टा करत होते. पत्रिका निरखून पाहिली आणि त्यांनी गुन्हा अंगावर घेतला. का? फोटो सापडला तर परीक्षक तो बारकाईने बघतील, याची त्यांना भीती वाटली म्हणून."

धाकट्याचा हात खाली आला.

"या भिंतीवर प्रत्येक डोळ्यात ठिपका आहे. त्या बगळ्याच्या डोळ्यात नाही. वाऱ्याने सगळे बोरू झुकलेत. बगळ्याचा बोरू तेवढा ताठ. जिवंत बगळा बोरूबरोबर डुलला असता. तो बोरू खालून कुणीतरी धरून ठेवला होता. गाडीच्या टायरपाशी उभं राहून ते जमलं नसतं."

मग धाकटा भिंतीला पाठ टेकवून हळूहळू खाली बसला.

"गाडीने उडवला होता त्याला. रस्त्याच्या कडेला पडला होता. उचलला तेव्हा अजून कोमट होता," तो म्हणाला. "ताई दिवसभर त्या खिडकीतून बघत राहायची. डॉक्टर म्हणाले होते, आता फार नाही. मी त्याला तारेने बांधला. वजनाने बोरू वाकायला लागला, म्हणून खाली चिखलात बसून धरला. सर, माफ करा मला. मी तुम्हाला काय काय बोललो." त्याने तोंड ओंजळीत लपवले. "ताईला कळलं नाही, एवढंच एक बरं झालं. ती समाधानाने गेली."

घड्याळजी भिंतीकडे बघत होता.

"मग फोटो?" सरांनी विचारले.

"मी नेला," घड्याळजी म्हणाला. त्याने पाठीवरच्या पिशवीतून गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. "कॉम्प्युटरवरूनही मीच पुसला. सरांवर आळ येईल असं डोक्यातच आलं नाही."

धाकट्याने मान वर केली. "भाऊजी, तुम्हाला कसं कळलं?"

घड्याळजीचे ओठ हलले.

"कसं म्हणजे?" फौजदारबाई म्हणाल्या. "तिचा एकेक फोटो ज्याने या भिंतीवर टांगला, त्याला विझलेला डोळा ओळखू येणार नाही? परीक्षकांपुढे तिच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून त्यांनी तो काढला. खिळे घड्याळाच्या स्क्रूंसारखे ओळीने लावून ठेवले, म्हणून सापडले. संपलं. यात आणखी काही नाही."

"आणि ताईला खरंच..."

"तुमची ताई थकली होती. तुम्हीच सांगितलंत."

धाकट्याने डोळे पुसले. उठला. "परीक्षकांना मीच सांगतो," म्हणाला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघे बाहेर गेले.

आत दोघेच उरले.

"बाई, तुम्ही एक गोष्ट गाळलीत," घड्याळजी म्हणाला.

"हो. ठिपका दिसल्याशिवाय बटण न दाबणारी बाई त्या दिवशी एकदाच बटण दाबते, फोटो बघत नाही आणि पडदा ओढायला सांगते. तिने पाहताक्षणी ओळखलं होतं."

"एकदा नाही," तो म्हणाला. "दोनदा."

सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्याने एक लहानसा फोटो काढला. बोरूच्या बुंध्याशी, कमरेपर्यंत चिखलात, धाकटा बसला होता. दोन्ही हातांनी त्याने एक बोरू घट्ट धरला होता. गालावर चिखल, दातांत तारेचा तुकडा. तो वर, खिडकीकडे बघत होता. त्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका होता.

"दुसरा हा. कार्ड त्याच्याकडे देण्याआधी मी काढून घेतला; कार्डच दिलं नसतं तर त्याला शंका आली असती. तिने तसं सांगितलं होतं. म्हणाली, बगळा भिंतीवर लागू देऊ नकोस, ते खोटं होईल. आणि मला दिसलं हे त्याला कधी कळू देऊ नकोस. तो इतका वेळ गार पाण्यात बसला होता रे, म्हणाली."

फौजदारबाईंनी फोटो बराच वेळ हातात धरला. वर्षभरात तिने टिपलेल्या साऱ्या डोळ्यांत इतका जवळून बघणारा डोळा दुसरा नव्हता.

"हा इथे लावायला हवा होता," त्या म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला. "आणि हाच लावता येत नाही."

त्याने फोटो परत आतल्या खिशात ठेवला. खिळे एकेक करून जागच्या जागी बसवले, रिकामी चौकट उचलून भिंतीवर टांगली, आणि दोन पावले मागे सरून ती सरळ आहे ना ते पाहिले.