चौदातले सात

सकाळी नऊला संशोधक मुलीने प्रयोगशाळेतली बेडकांची खोली उघडली. चौदा डब्यांपैकी सात रिकामे होते. एका डब्यात एक बेडूक; त्या जातीचे जगात एवढे चौदाच उरले होते.

फौजदार बाई आल्या. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडे. शिपाईकाका दोन दिवस लेकीकडे गेलेले. दुसरी किल्ली मुलीची. तिसरी प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, म्हणजे सरांची. सरांनी या बेडकांपायी एकवीस वर्षं घालवली होती.

मुलीनं रडत रडत सांगितलं की आठवड्यापूर्वी तिचं सरांशी भांडण झालं होतं. बेडकांच्या कातडीला बुरशी लागल्याची तिला शंका होती. तिनेच नमुने परगावी तपासणीला पाठवले. एक जरी बाधित निघाला तरी खोलीतले सगळे मारायचे, असा नियम होता.

"उरलेल्यांत आजारी दिसतो का कुणी?" बाईंनी विचारलं.

"नाही. बुरशी आधी डोळ्यांना दिसतच नाही. सगळे खातात, उड्या मारतात."

अहवाल काल संध्याकाळी फक्त सरांच्या मेलवर आला होता. सर म्हणाले, अजून उघडलेला नाही. त्यांचे डोळे तांबारलेले होते.

"मग आत्ता उघडा," बाई म्हणाल्या.

मुलीनं अहवालातले डब्यांचे क्रमांक वाचले. तीन, चार, सहा, नऊ, दहा, बारा, चौदा बाधित. बाईंनी फळीवरचे डबे पाहिले. नेमके तेच सात भरलेले होते.

बाईंनी खुर्ची ओढली.

"सर, चोर विकायला नेणारा असता तर हाताला लागतील ते उचलले असते. यानं वेचून निरोगी नेले. कोण निरोगी, हे फक्त त्या अहवालात होतं. तो तुमच्याशिवाय कुणाकडेच नव्हता, आणि किल्लीही तुमच्याकडे. तुम्ही तो कालच वाचलात."

 सर म्हणाले, "सगळे मारले असते हो. माझ्याच हातानं मारायला लावले असते."

"पण सर," मुलगी पुटपुटली, "नव्यानं लागण झालेली असेल, तर ती तपासणीत येत नाही."

"माहीत आहे मला."

"कुठे आहेत ते?" बाईंनी विचारलं.

"घरी. न्हाणीघरात."

"सगळे जिवंत आहेत?"

सरांनी खिशातून घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"पहाटे सातातले सहाच जिवंत होते. त्यानंतर न्हाणीघराचं दार उघडायची माझी हिंमत झाली नाही."