मुठीतला नान

त्या तलवारीने चार दिवस उस्ता नोरबोयचं डोकं खाल्लं होतं. संग्रहालयातली झेबिनिसो ती त्याच्या भट्टीवर ठेवून गेली होती. एक पंडित म्हणे अफगाणी, दुसरा म्हणे इराणी, तिसऱ्याने तर हिंदुस्थानी ठरवून हात झटकले. पातं सरळ, पाठ जाड, लोहाराची खूण कुठेच नाही. बुखाऱ्यात चाळीस वर्षं पाती घडवलेल्या माणसाला ओळख पटू नये, याचाच त्याला जास्त संताप येत होता.

"उस्ता, उद्या पाटी लावायचीय," पाचव्या दिवशी दुपारी झेबिनिसो आली. "गाव सांगा काहीतरी."

"काहीतरी सांगायला तुझे पंडित आहेत की! मी लोहार आहे, ज्योतिषी नाही."

बाहेर धुकं इतकं दाटलं होतं, की अंगणापलीकडचं फाटक दिसत नव्हतं. नोरबोयने वैतागून मुठीचे खिळेच ठोकून काढले. लाकडाच्या दोन फळ्या सुटल्या, जुन्या लाखेचा उग्र वास आला. आतही खूण नव्हती. लाखेत रुतला होता नानचा तुकडा, वाळून दगड झालेला, एका कडेला घास तोडलेला.

"घ्या! पाचवा दिवसही पाण्यात."

कितीही डोकं फिरलं तरी नान टाकायचा नसतो. त्याने तो ओठांना लावला आणि घरात नेऊन उंच कोनाड्यात ठेवला. शेजारीच दोरीला मुलाचा, फर्रुखचा, नान टांगलेला होता. लांब निघालेल्याने घरच्या नानचा एक घास तोडायचा, उरलेला घरी टांगायचा आणि परत येऊन संपवायचा, अशी तिथली रीत. तो नानच त्याला परतीची वाट दाखवतो म्हणे. फर्रुख रशियात कझानला बांधकामावर गेला, त्याला चौदा महिने झाले होते. त्याचा पुढचा दात अर्धा तुटलेला, म्हणून घासाच्या मधोमध एक टोक उरलं होतं. आई होसियत रोज त्या टोकावरून बोट फिरवायची. पोरगा परत यावा, एवढंच त्या दोघांचं मागणं होतं.

होसियतने कोनाड्यातला तुकडा खाली घेतला, उजेडात धरला आणि त्यावरचे टोचे बोटाने मोजले.

"अहो, फर्रुखचे बाबा... हा नानवरचा ठसा आपल्या घरचा आहे. नऊ टोचे आणि एक तिरका. सासूबाईंचा, त्यांच्या सासूबाईंचा."

"म्हणजे तलवार..."

"याच घरातून गेलीय. ती नेणाऱ्याने नान घरी ठेवलाच नाही, बरोबर नेला. परतायची वाट कशी सापडणार?" तिने तो हळूच जागेवर ठेवला. "आता आला बिचारा घरी."

होसियतला घेऊन नोरबोय भट्टीवर आला आणि त्याने कपाळावर हात मारला. "चार दिवस मी पोलाद घासतोय, आणि उत्तर निघालं बायकोच्या पिठात! लिही, झेबी. गाव बुखारा, गल्ली आमचीच."

झेबिनिसो हसत लिहायला लागली. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

"तू लावली होतीस ना?" नोरबोयने झेबिनिसोला विचारलं.

"हो... नीट लावली होती."

धुक्यातून घोड्याच्या घामाचा आणि खोगिराखालच्या ओल्या लोकरी नमद्याचा वास आला. जड पावलं अंगणातून गेली. अंगणात कोणी दिसलं नाही. पावलं घराच्या पायऱ्या चढली, आणि मग आतून चावण्याचा आवाज यायला लागला... सावकाश, फार दिवसांच्या उपाशी माणसाचा.

"फर्रुखचा नान!" होसियत धावली.

घरात कोणी नव्हतं. मोकळी दोरी हलत होती. खाली कणसुद्धा पडला नव्हता.

नोरबोयने फर्रुखला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"घेऊन जा ती तलवार!" तो झेबिनिसोवर ओरडला. "आणि हा तुकडाही ने. माझ्या घरात नको!"

त्याने कोनाड्यातला तुकडा खेचून काढला आणि तिच्या हातावर ठेवणार, तोच थांबला. तुकडा ओला होता. त्याच्या दुसऱ्या कडेला घास तोडलेला होता, ताजा, आणि त्या घासाच्या मधोमध एक टोक उरलं होतं.