सत्तेचाळीस फ्रेमची भिंत

पटलं नाही तर सोडून द्या. पण यातला प्रत्येक आकडा मी स्वतः मोजलाय.

शनिवार, दुपारचे तीन दहा. ताईची खोली. तिला जाऊन दोन महिने झाले होते.

आम्हा दोघा भावंडांना एकच वेड होतं. एक जुना, उड्या मारत जायचा व्हिडिओ गेम कमीत कमी वेळात संपवायचा. त्यासाठी गेममधल्या चुका, म्हणजे ग्लिच, हुडकायचे आणि वेळ वाचवायचा.

पाचव्या टप्प्यात असे दोन ग्लिच होते. माझा: वटवाघळाच्या डोक्यावरून उसळी घ्यायची. एकतीस फ्रेम वाचायच्या. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र; सेकंदाला साठ, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद.

ताईचा: वाकून उलटी उडी मारायची. गेममधला बाहुला भिंतीतून आरपार. सत्तेचाळीस फ्रेम.

"सोळा फ्रेमनी हरलास, शास्त्रज्ञ," ती हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाली होती. "आता दोन्हींची तुलना नीट लिहून काढ. आणि नाव माझं टाक हं, नाहीतर कान उपटीन."

मी तुलना लिहिली. खेळाडूंच्या साइटवर टाकली. भिंतीच्या ग्लिचपुढे शोधणाऱ्याचं नाव लिहिलं...

माझं.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "टाकलंस?"

"हो."

"माझंच ना?"

"मग काय शेजाऱ्यांचं?"

ती हसली. त्यानंतर आठवड्याने गेली.

त्या शनिवारी साइटसाठी नवा व्हिडिओ करायला बसलो. बाहुला वाकला, उलटा उडाला, भिंतीत शिरला...

बाहेर आलाच नाही.

आत नुसता उभा. वर घड्याळ पळतंय.

चाळीस वेळा केलं. चाळीस वेळा अडकला. कॅसेट बदलली. वायर बदलली. शेवटी मित्राला बोलावलं. तो दहापैकी नऊ वेळा आरपार गेला.

"मशीन ठणठणीत आहे. तुझा हात बिघडलाय," तो म्हणाला आणि निघून गेला.

मी व्हिडिओचं रेकॉर्डिंग लावलं; त्यात बटणांचे आवाजही आले होते. आवाज वाढवला.

टक्. माझं बटण.

पण त्याच्या आधी, अगदी हलकं...

टक्.

मोजलं. तीन फ्रेम आधी. चाळीसही वेळा तीनच. मित्राच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र एकच आवाज.

ताईचं बोट नेहमी माझ्या आधी चालायचं. किती आधी, ते मी कधी मोजलं नव्हतं.

तेवढ्यात आई दाराशी आली. "किती वेळ खेळताय रे दोघं?"

"तो केव्हाच गेला, आई."

"हो?" तिने माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "मग आत्ता..."

आणि ती वळली.

मी तिथेच बसून साइट सांभाळणाऱ्याला लिहिलं. ग्लिच ताईचा आहे, मी खोटं बोललो. सगळं.

दहा मिनिटांत उत्तर आलं.

"माहीत आहे. तुझी तुलना आली त्याच संध्याकाळी तुझ्या ताईने लिहिलं होतं. 'नाव बदलू नका, तो स्वतःहून सांगेल, तोवर थांबा.'"

त्याच संध्याकाळी.

म्हणजे दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं.

आता साइटवर भिंतीच्या ग्लिचपुढे तिचं नाव आहे. बाहुला भिंतीतून बाहेर येतो की नाही, ते मी अजून पाहिलेलं नाही. आला, तर ते आधीचं टक् थांबलेलं असेल.

कंट्रोलर हातात घेतो... आणि खाली ठेवतो.