मधला कोनाडा

कॉफी ओतून घ्या आणि ते दार लोटा, गार वारं आत येतंय. ब्रांदुर, तू मघाशी मोठ्या ऐटीत सांगत होतास ना, घरगाडीवाल्या पर्यटकाला बोगद्यात गाडी पार मागेमागे न्यायला लावली म्हणून? सगळे हसले. मीही हसलो असतो. पण मला सामल आठवला.

सामल म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. तुम्ही पोरांनी त्याला मासळीच्या कारखान्यात खाली मान घालून काम करतानाच पाहिलंय. पूर्वी त्याचा स्वतःचा छोटा ट्रक होता. बोगद्यापलीकडच्या गावात दुकानाचा माल पोचवायचा.

तर ३० ऑगस्ट २०१९, शुक्रवार. संध्याकाळी पलीकडच्या दुकानदाराचा फोन आला, फ्रीझर बंद पडलाय, दुसरा घेऊन ये. सामलची बायको तुरीद भांडी पुसत होती. म्हणाली, "आजच जायला हवं का? उद्या सकाळी जा की."

"सकाळपर्यंत सगळं वितळून जाईल त्याचं."

"तारीख लक्षात आहे ना तुझ्या?"

"आहे," सामल म्हणाला आणि किल्ली घेऊन निघाला.

ती तारीख काय होती, ते आधी सांगतो. नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल.

बरोब्बर एक वर्ष आधीची गोष्ट. त्या उन्हाळ्यात बोटीतून पर्यटकांच्या घरगाड्यांचे, त्या चाकांवरच्या घरांचे, तांडेच्या तांडे उतरत होते. सगळ्या फेरो बेटांवर रस्ता मोकळा म्हणून मिळत नव्हता. दहा-दहा घरगाड्या एकीला एक चिकटून, गोगलगाईसारख्या. मेंढी दिसली की थांब, धबधबा दिसला की थांब. आणि आपला बोगदा तर तुम्हाला माहीतच आहे. एका गाडीपुरता, आत दिवा नाही, भिंतीतून बारा महिने पाणी ठिबकतंय. मधे मधे खडकात गाडी शिरेल एवढे कोनाडे खोदलेले. पलीकडे जाणाऱ्याचा मान, इकडे येणाऱ्याने कोनाड्यात शिरून वाट द्यायची. आपल्याला ते अंगवळणी पडलेलं. पाहुण्यांना कोनाडा दिसेपर्यंत तो मागे गेलेला असतो.

त्या रात्री सामल पलीकडे निघाला होता. म्हणजे मान त्याचा. समोरून सात घरगाड्या आल्या, सकाळची बोट धरायला निघालेल्या. सहा जणी कशाबशा कोनाड्यांत घुसल्या. सातवीला मधला कोनाडा दिसलाच नाही, ती पुढे आली आणि सामलच्या नाकासमोर उभी राहिली.

आता ऐका. सामलच्या मागे वीस पावलांवर कोनाडा होता. डोळे मिटून त्याने ट्रक मागे घेतला असता. तू, मी, कोणीही घेतला असता. त्याला घाईही नव्हती. पण उन्हाळाभर साचलेला राग होता. त्याने ठरवलं, आज मी हलणार नाही. दिवे अप्परवर टाकले, हॉर्नवर हात ठेवला आणि बसून राहिला.

घरगाडीतून एक म्हातारी बाई उतरली. हातात टॉर्च. मागे गेली. पत्र्यावर थापा ऐकू आल्या... थप, थप. येऊ दे, येऊ दे. गाडी हळूहळू मागे सरकली आणि तिरकी होऊन कोनाड्यात शिरली. सामलने ट्रक पुढे काढला. जाताना घरगाडीचा म्हातारा दार उघडून मागे बघताना दिसला. सामलने त्याला हात केला. आभाराचा. आणि गेला निघून.

बाईचं नाव इंगर. नवऱ्याचं एगोन, वय चौऱ्याहत्तर. डेन्मार्कचे. गाडी आणि खडक यांच्यामध्ये सापडली ती. एगोनला दिसलीच नाही. त्याच्या डोळ्यांत नुसता प्रकाश होता, आरशात काही उमटत नव्हतं.

पोलिसांनी सामलला विचारलं, "दिवे डिप्परवर होते का?"

"होते," सामल म्हणाला.

एवढंच. एक शब्द. त्यावर सही केली.

एगोनचा मुलगा यायला दोन दिवस लागणार होते. हॉटेलं भरलेली. तुरीद म्हणाली, असा एकटा माणूस, त्याला आपल्याकडे आणूया. तिला बिचारीला काय ठाऊक? आणि नाही कोणत्या तोंडाने म्हणणार सामल? आणलं त्याला. दोन रात्री तो म्हातारा सामलच्या घरी राहिला. सामलच्या टेबलावर जेवला.

दुसऱ्या रात्री तो म्हणाला, "समोरचा दिवा माझ्या डोळ्यांवर होता, असं मला वाटत होतं. पण पोलीस म्हणतात, तुझा दिवा खाली होता. म्हणजे डोळे माझेच गेले. मुलगा वर्षभर सांगत होता, बाबा, गाडी सोडा. मी ऐकलं नाही. मीच मारलं तिला."

तुरीदने त्याच्या हातावर हात ठेवला. सामलने काय केलं? बटाट्यांचं भांडं उचललं. म्हणाला, "घ्या ना, थोडे घ्या." त्याने वाढले आणि म्हाताऱ्याने खाल्लेही.

सामलने हे मला नंतर सांगितलं. बोगद्यात केलं ते रागाच्या भरात केलं, हायनी, मला म्हणाला. पण टेबलावर मी शांत होतो. पूर्ण शांत होतो.

तर असं ते वर्ष गेलं. आता परत त्या शुक्रवारी या.

फ्रीझर उतरवला, जुना ट्रकमध्ये चढवला. दुकानदार म्हणाला, कॉफी घेऊन जा. सामल थांबला नाही. अकराला दहा कमी असताना तो बोगद्याच्या तोंडाशी आला. पाऊस नव्हता. वारा पडलेला. आता तो इकडे येत होता, म्हणजे वाट देणं त्याच्यावर. दिवे त्याने डिप्परवरच ठेवले होते. वर्षभर ठेवत होता, मोकळ्या रस्त्यावरसुद्धा.

पहिला कोनाडा गेला. आणि समोर लांबवर दिवे दिसले. रांगच.

घरगाड्या. उंच, पांढऱ्या.

त्याने मनात अंतर मोजलं. मधला कोनाडा सोडून पुढचा गाठता येईल का? नव्हता येत. मधल्यातच शिरावं लागणार होतं. त्या वर्षात तो तिथे एकदाही थांबला नव्हता. थांबायची वेळ येईल असं वाटलं की बोगद्याबाहेरच उभा राहायचा. त्या रात्री मात्र शिरला. न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

पहिली गाडी गेली. दुसरी. तिसरी. वाट दिली की पाहुणेसुद्धा हात करतात, एवढं तर शिकलेत. इथे कोणीच केला नाही. काचांआड काळोख होता. चौथी गेली... पाचवी... आणि मग सामलच्या लक्षात आलं, की या गाड्यांना आवाज नाही. इंजिनाचा नाही, चाकांचा नाही. फक्त भिंतीतून ठिबकणारं पाणी ऐकू येतंय.

सहावी गेली.

सातवी आली नाही.

समोर अंधार. सामल वाट बघत राहिला. एक मिनिट गेलं असेल. निघावं म्हणून त्याने क्लच दाबला...

आणि समोरून दिवे लागले. अप्पर. थेट डोळ्यांत.

घरगाडी नव्हती ती. दिवे कमी उंचीवर होते, एकमेकांजवळ. छोट्या ट्रकचे असतात तसे. आणि आता आवाज येत होता. तो इंजिनाचा आवाज सामलने अकरा वर्षं रोज ऐकलेला होता. तो त्याच्याच ट्रकचा आवाज होता.

हॉर्न वाजला. लांब. वाजतच राहिला.

त्याने डोळ्यांवर हात धरला. काच पांढरी झालेली. आरसे पांढरे.

मग मागून...

थप. थप.

त्याच्या ट्रकच्या मागच्या पत्र्यावर. हलक्या हाताने.

येऊ दे... येऊ दे...

गाडी न्यूट्रलमध्ये होती. हँडब्रेक ओढलेला होता. तरी ती मागे सरकायला लागली.

त्याने ब्रेक दाबला. दोन्ही पायांनी दाबला. सरकतच होती. एक वीत. आणखी एक वीत.

थप. थप.

"दिवा खाली कर," तो ओरडला. "मागे माणूस आहे. मला दिसत नाही. दिवा खाली कर..."

समोरचा दिवा तसाच. हॉर्न तसाच.

थप.

ट्रक कशाला तरी टेकला. खडकाला टेकला की धातू वाजतो. तो आवाज आला नाही.

मग थापा थांबल्या.

हॉर्न थांबला. दिवा गेला. इंजिन बंद.

काळोख...

किती वेळ तो स्टिअरिंग धरून बसला, त्याला सांगता येत नाही. मग उतरला. मोबाईलचा उजेड केला आणि चाचपडत मागे गेला. जायलाच हवं होतं ना. त्या रात्री तो गेला नव्हता.

मागे कोणी नव्हतं. ट्रकच्या आणि खडकाच्या मध्ये हातभर जागा. रिकामी.

सामल तिथेच, त्या ओल्यात, गुडघ्यांवर बसला. म्हणाला, "माझा दिवा अप्परवर होता. मुद्दाम ठेवला होता. खोटं बोललो मी."

पाणी ठिबकत होतं.

पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला. आणि मग त्याला कळलं, की हिला सांगून काय उपयोग? ती तर तिथे उभी होती. तिला सगळं माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं तो तिकडे डेन्मार्कमध्ये आपल्याच डोळ्यांना दोष देत बसला होता.

ट्रक एका किल्लीत सुरू झाला. बोगद्याबाहेर आल्यावर त्याने तुरीदला फोन केला, एगोनचा नंबर मागितला. तिने एवढ्या रात्री कशाला म्हणून विचारलं. हा म्हणाला, दे फक्त. पावणेबाराला त्याने तो लावला. तिकडे तर पाऊण वाजलेला. पहिल्याच घंटीला उचलला. म्हातारा जागा होता.

"मी सामल. तुम्ही आमच्या घरी राहिला होतात."

"हो."

"माझा दिवा अप्परवर होता. शेवटपर्यंत. तुमचे डोळे ठीक होते. तुमची काही चूक नव्हती."

तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता. सामलला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात, असंच वाटत होतं त्याला.

"वर्ष झालं," एगोन म्हणाला.

"हो."

"मुलगा नातवंडांना माझ्याबरोबर रस्त्यावर सोडत नाही. आजोबांना दिसत नाही म्हणतो. मीही तेच म्हणतो त्यांना."

सामल ट्रकच्या पायरीवर बसला.

"तू मला बटाटे वाढलेस," म्हातारा म्हणाला. हळूच म्हणाला. आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी सामलने तुरीदला सगळं सांगितलं. ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याने पोलिसांत जाऊन जबाब बदलला, जे व्हायचं ते झालं. एगोनच्या मुलाला त्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. ट्रक विकला. पुन्हा गाडीला हात लावला नाही. कारखान्यात बसने जातो, ते तुम्ही बघताच. एगोनला तो दर महिन्याला पत्र लिहितो. उत्तर एकदाही आलेलं नाही. परतही एकही आलेलं नाही, असं तुरीद म्हणते.

हसू नकोस रे, ब्रांदुर. खोटं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. म्हटलं, वर्षभर मनाला खात होतं, अंधारात भास झाला असेल. म्हणून मी स्वतः बघायला गेलो, रविवारी, भर दुपारी, चांगला मोठा टॉर्च घेऊन. त्यानंतर किती वेळा गेलो, मोजलं नाही.

मधल्या कोनाड्यातली मागची भिंत. वरून पाणी येतं, आजूबाजूला सगळं निथळतंय, शेवाळ धरलंय. मध्ये तेवढा एक भाग कोरडा. हात फिरवला तर बोटाला ओल लागत नाही. रुंदी साधारण माणसाच्या खांद्यांएवढी, उंची माझ्या हनुवटीपर्यंत. वरून येणारी धार तिथवर येते, दोन्ही बाजूंना फुटते आणि त्या जागेला वळसा घालून खाली जाते.