ब्रेक नसलेली बाजू

“अहो बाई, मी लोकांना गाडी शिकवतो हो... गाडी!”

काउंटरसमोरचा उंच माणूस हे चक्क आपल्या भाषेत म्हणाला. समोरच्या बाईंना त्यातलं अक्षरही कळण्याची सोय नव्हती, पण रागावलेला माणूस आपल्याच भाषेत येतो, त्याला कोण काय करणार! त्याच्या मागे रांगेत उभी असलेली तरुणी, घरात सगळ्यांची ‘धाकटी’, फिस्सकन हसली. परक्या देशात उतरल्यापासून तिने ओठ घट्ट मिटून ठेवले होते, आणि हसू फुटलं ते असं, भलत्या वेळी.

तो वळला. “हसलात?”

“छे... शिंक आली.”

“अशी शिंक मी पहिल्यांदाच ऐकली,” तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, की ही बाई आपल्या भाषेत शिंकतेय, आपल्या भाषेत बोलतेय. ताणलेला चेहरा एकदम सैल झाला.

भाड्याने गाड्या देणारं ते छोटंसं ऑफिस रेल्वे स्टेशनच्या शेजारीच होतं. काउंटरवरच्या बाईंनी त्याचं लायसन्स उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि एका बोटाने परत सरकवलं. त्यावरची लिपी त्यांना वाचता येत नव्हती. लायसन्स खरं असेलही, पण सोबत आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर गाडी मिळणार नाही, असं त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं.

“परवाना आहे हो माझा,” तो आता धाकटीकडे दाद मागायला लागला. “घरी आहे. कपाटात. इस्त्रीच्या शर्टांखाली.”

“मग शर्टांना फिरवून आणा!” धाकटी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. अनोळखी माणसाशी इतकं...?

खरं तर तिला थट्टा सुचावी अशी वेळच नव्हती. डोंगरापलीकडच्या बंदराच्या गावात तिची ताई हॉस्पिटलमध्ये होती. पहिलं बाळंतपण, त्यात बाळ आडवं. डॉक्टरांनी आज दुपारी ऑपरेशन ठरवलं होतं. भाऊजी जहाजावर, समुद्राच्या कुठल्या तरी टोकाला. आई तर कधीचीच गेली होती. लहानपणी इंजेक्शन घ्यायलासुद्धा ताईला धाकटीचा हात धरावा लागायचा, स्वतः मोठी असून! “मला आत नेतील तेव्हा तू दारात हवीस,” ती फोनवर म्हणाली होती, आणि धाकटीने शब्द दिला होता. आज सकाळी रुळांवर दरड कोसळली, रेल्वे बंद पडली. बस थेट उद्या. उरली ती ही भाड्याची गाडी.

तिचे कागद मात्र चोख होते. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, निघण्याआधी मागे लागून तिच्याकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला होता. “असू दे जवळ,” एवढंच म्हणाले होते. ते कागद पाहून काउंटरवरच्या बाई पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी किल्ली पुढे केली. धाकटीने किल्ली घेतली, आणि ती तळहातावर धरून नुसती बघत राहिली.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“मला गाडी चालवता येत नाही.”

“अहो, तुमच्याकडे तर लायसन्स आहे!”

“लायसन्स आहे. चालवता येत नाही.”

परीक्षा ती रीतसर पास झाली होती. पण नंतर घरच्या गाडीत बसली, की शेजारून अण्णा आणि मागून ताई-भाऊजी, “ब्रेक! अगं ब्रेक!” असा एकच गिल्ला करायचे. एकदा फाटकाला गाडी घासली, आणि किल्ली अण्णांच्या खिशात गेली ती गेलीच. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवताना तिचे हात केसभरही ढळत नसत. तेच हात स्टिअरिंग दिसलं की गार पडत.

त्याने बॅग खांद्याला लावली. “मलाही त्याच बंदरावर जायचंय. संध्याकाळची बोट आहे. असं करू... तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. माझं कामच आहे ते. शेजारी बसणं.”

तिकडे घरी त्याचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. गाडी शिकवणाऱ्यांच्या एका प्रशिक्षणाला तो आला होता, आणि परतण्याआधी एकदा समुद्र बघायचा त्याचा बेत होता. शिकायला येणारे सगळे त्याला मास्तर म्हणत. वय मास्तर म्हणण्यासारखं अजिबात नव्हतं.

धाकटीने त्याला नखशिखांत न्याहाळलं. “तुमचं लायसन्स द्या. पोचेपर्यंत माझ्याकडे. तारण म्हणून.”

“जे इथे चालत नाही, ते तारण म्हणून चालतं?”

“मला चालतं.”

तिने लायसन्सचा फोटो काढून अण्णांना पाठवला, गाडीचा नंबरही पाठवला. लगेच उत्तर आलं : फोटोत घाबरलेला दिसतो. मुदत संपलेली नाही ना, ते बघ.

तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तर कानापर्यंत लाल झाला.

गाडीजवळ पोचल्यावर ती सवयीने उजव्या दाराकडे गेली, तो सवयीने डाव्या. तिने दार उघडलं, तर समोर स्टिअरिंगच नाही! तिकडे मास्तर स्टिअरिंगकडे बघत उभा. दोघंही घाईने वळसा घालायला निघाले आणि बॉनेटसमोर एकमेकांवर आदळले.

“माफ करा...” “नाही, मीच...” मग तो उजवीकडे सरला, तीही त्याच बाजूला. तो डावीकडे, तीही. शेवटी मास्तरने हात जोडले आणि जागच्या जागी उभा राहिला, तेव्हा कुठे तिला वाट मिळाली.

सुरुवात तर काही विचारू नका. गिअर बदलायचा म्हटला, की तिचा डावा हात धाडकन दारावर आपटे. वळायचं म्हटलं, की दिव्याऐवजी वायपर सुरू होई आणि कोरड्या काचेवर खर्रर्र करत नाचू लागे.

“काच चकाचक झाली,” मास्तर शांतपणे म्हणे. “आता वळू या?”

ओरडला मात्र तो एकदाही नाही. “एकच लक्षात ठेवा,” त्याने सांगितलं. “चालवणारा रस्त्याच्या मधल्या रेघेकडे बसतो. घरीही आणि इथेही. रेघ तुमच्या अंगाला राहिली, की तुम्ही बरोबर.”

एवढं तिला झेपण्यासारखं होतं. रेघ अंगाला... रेघ अंगाला... शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना ओली शेतं लागली, आणि तिच्या खांद्यांतला ताठा हळूहळू उतरला. तेवढ्यात शेजारून धप्प असा आवाज आला. मग परत धप्प.

“काय करताय?”

“सवय हो,” मास्तर ओशाळला. “आमच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. पाय आपोआप पडतो.”

“इथे नाहीये.”

“मला माहितेय. पायाला माहीत नाही.”

पेट्रोल पंपावर त्यांनी कागदी पेल्यांतून कॉफी घेतली. वाफेआडून ती त्याच्याकडे बघत होती, जरा जास्तच वेळ.

“काय?”

“तुमचा डावीकडचा एक दात पुढे आलाय. काउंटरवर भांडत होतात, तेव्हाच दिसला.”

त्याने झटकन तोंड मिटलं. मग मिटल्या तोंडानेच विचारलं, “वाईट दिसतो?”

“नाही...” ती पेल्यात बघत म्हणाली. “तसाच राहू द्या.”

तिथून निघतानाही ती उजव्या दाराकडे गेली, तो डाव्या. बॉनेटसमोर पुन्हा गाठ पडली. या खेपेला हसण्यात थोडा वेळ गेला.

आणि मग घाट लागला. पहिल्याच वळणावर धुकं उतरलं, असं की पुढचा रस्ता दुधात बुडाल्यासारखा दिसेनासा झाला. त्यात फोन वाजला. धाकटीने गाडी कडेच्या मोकळ्या जागेत थांबवून तो घेतला.

“लवकर नेतायत गं मला,” ताईचा आवाज बारीक झाला होता. “तू कुठायस?”

“आले ताई. घाटात आहे. आलेच.”

फोन ठेवला, आणि तिचा धीर सुटला. “तुम्ही चालवा ना. प्लीज. इथे कोण बघतंय?”

मास्तरने मुठी गुडघ्यांवर आवळल्या होत्या. त्याला चालवायचं होतं, हे तिला दिसत होतं. “नाही,” तो म्हणाला.

“माझी ताई तिकडे एकटी आहे, आणि तुम्ही नियम सांगताय?”

“गाडी तुमच्या नावावर आहे. मी चालवताना काही झालं, तर तुम्ही इथे अडकून पडाल आणि ताईच्या दारात कुणीच नसेल. आणि...” तो थांबला. “आणि तुम्हाला येतं हो. सकाळपासून बघतोय मी. कुणीतरी ओरडेल या भीतीने तेवढं चुकतं.”

“खोटं! तुमचाही विश्वास नाहीये. तुमचा पाय बघा, सारखा ब्रेक मारत असतो!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मास्तरने पायाकडे पाहिलं. बूट काढले, सीट मागे सरकवली, पाय वर घेतले आणि चक्क मांडी घातली! पट्टा नीट करून तो पंगतीला बसल्यासारखा ताठ बसला.

“घ्या. आता मारायला पायच उरला नाही.”

धाकटीला रडता रडता हसू आलं. तिने नाक पुसलं, दिवे लावले, आणि गाडी हळूच रस्त्यावर घेतली.

“रेघ?”

“दिसतेय.”

“मग रस्ताही आहे.”

एक वळण, दुसरं वळण. अचानक धुक्यातून दोन पिवळे दिवे अंगावर आले. भलामोठा ट्रक. तिचे हात गार पडले...

“घाबरू नकोस,” मास्तर अगदी हळू म्हणाला. “तुझी बाजू तुझीच आहे. सोडू नकोस.”

तिने सोडली नाही. ट्रक घोंघावत निघून गेला. त्या धांदलीतही हा आपल्याला ‘तू’ म्हणाला, हे तिच्या मनाने टिपलंच. तिने हळूच नजर वळवली. मांडी जागची हलली नव्हती. फक्त बिचाऱ्याने दोन्ही हातांनी स्वतःचे मोजे गच्च धरून ठेवले होते. तिला त्या मोज्यांची, त्या मुठींची इतकी माया आली, की घाट कधी उतरला ते कळलंच नाही.

हॉस्पिटलच्या लांब पॅसेजमध्ये ती धावत पोचली, तेव्हा ताईचं स्ट्रेचर दारापाशी आलंच होतं. तिने ताईचा हात धरला. बर्फासारखा गार होता.

“आलीस!” ताईचे डोळे भरले. “कुणी आणलं गं?”

“मीच आले. गाडी चालवत. घाटातून.”

ताई बघतच राहिली. “तू? चालवत?” आणि मग एवढ्या भीतीतही तिला खुदकन हसू आलं. “मग माझं ऑपरेशन म्हणजे काहीच नाही!”

ती हसतच आत गेली. भाची झाली. लालबुंद, मुठी वळलेली, आणि आवाज सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा. फोनवर अण्णांना रडू आवरेना. ते आवरल्यावर त्यांनी आधी ताईची चौकशी केली, मग बाळाची, आणि मग घसा खाकरून विचारलं, “गाडीला काही ओरखडा बिरखडा?”

“नाही, अण्णा.”

“शाब्बास,” ते म्हणाले. हा शब्द ऐकण्यासाठी धाकटी किती वर्षं थांबली होती, ते तिलाही आत्ताच कळलं.

ती बाहेर आली तेव्हा उन्हं कलली होती. मास्तर गाडीजवळच्या कठड्यावर बसला होता, बॅग पायाशी ठेवून.

“मुलगी!” तिने लांबूनच सांगितलं, आणि त्याचा तो पुढे आलेला दात दिसला. तेवढ्यात बंदराकडून बोटीचा लांबलचक भोंगा ऐकू आला.

“तुमची बोट!”

“हो. निघाली वाटतं.”

“अगंबाई... तुमचं लायसन्स माझ्याकडेच राहिलं. म्हणून थांबलात ना? मी वेडी, गडबडीत तशीच आत पळाले—”

“बोटीला लायसन्स लागत नाही,” मास्तर म्हणाला.

वाऱ्याने तिच्या केसांची बट सारखी डोळ्यांवर येत होती, पण ती मागे सारायचं तिला सुचलं नाही.

“इतकी वर्षं मी लोकांच्या शेजारी बसतोय,” तो जमिनीकडे बघत बोलू लागला. “पाय ब्रेकवर, डोळे त्यांच्या चुकांवर. निवांत असा कुणाच्या शेजारी बसलोच नाही कधी. आज घाटात पहिल्यांदा... घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. मोजे ताणून पार सैल झालेत. पण बरं वाटलं गं.” त्याने मान वर केली. “तुझ्या शेजारी असंच मांडी घालून बसायचंय मला. आजच्यापुरतं नाही.”

धाकटीने पर्समधून लायसन्स काढलं. फोटोतला चेहरा पाहिला, मग समोरचा पाहिला. दोन्ही सारखेच घाबरलेले. तिने लायसन्स परत पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.

“हे आता माझ्याकडेच राहील. घरी आलात, की आमच्या अण्णांसमोर येऊन मागा.”

“अगं, पण मग मी गाडी कशी चालवू?”

“तोवर मी चालवते,” ती म्हणाली. पुढचा शब्द तिने सांभाळून उच्चारला, “तू... शेजारी बस.”

ताईसाठी ऊबदार शाल आणायची होती, बाळासाठी टोपडं. दोघं गाडीकडे निघाले. ती उजव्या दाराकडे गेली, तो डाव्या. दोघंही चुकले, आणि वळसा घालून बॉनेटसमोर पुन्हा समोरासमोर आले. या वेळी बाजूला सरायची घाई कुणालाच नव्हती.