लो म्हटलं की थांबायचं

लोरीन स्टॅन्सिल त्या दिवशी शेतावर गेली ती एक चादर परत करायला. गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याला, हॉयटला, त्या चादरीत गुंडाळून शेताबाहेर आणलं होतं. चादर अर्ल टॉलिव्हर नावाच्या शिकाऱ्याची. त्याचा पत्ता तिच्याकडे नव्हता, पण सप्टेंबरात होला पाखरांच्या शिकारीचा हंगाम उघडला की तो कुठे सापडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं चादर धुतली, इस्त्री केली आणि सरकारी शेताच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

फाटकावर वन्यजीव खात्याचा माणूस होता. "बंदूक कुठाय, काकू?"

"नाही आणली."

"मग आत कशाला?"

"परवाना काढलाय. बंदूक आणलीच पाहिजे असं त्यात कुठं म्हटलंय ते दाखव."

त्यानं दाखवलं नाही. फाटक उघडलं.

दक्षिण जॉर्जियात ज्यांच्याकडे पैसा आहे ते खाजगी शेत भाड्यानं घेतात, झाडाखाली टेबलं मांडतात आणि बर्फातला चहा पीत होले मारतात. बाकीचे सगळे या एका सरकारी शेतावर. होले दाण्यांवर उतरावेत म्हणून खातं सूर्यफूल पेरतं, पण दरवर्षी पट्टे कमी करतं आणि माणसं जास्त सोडतं. गेल्या वर्षी एवढी दाटी होती की एकाचे छर्रे दुसऱ्याच्या टोपीवर पडत होते. त्या दाटीत एक म्हातारा बादलीवर बसल्या बसल्या मेला आणि दिवस मावळेपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. खात्याच्या पत्रकात मात्र पहिला दिवस 'निर्विघ्न' पार पडला होता. छर्रे लागून मेला तरच विघ्न. नुसतं मरणं खात्याच्या हिशेबात बसत नाही.

"क्षणात गेले," असं डॉक्टर म्हणाले होते. "त्यांना काही कळलंही नसेल."

लोरीननं वर्षभर हे वाक्य उशाशी घेऊन झोप काढली होती. आज तिला चादर द्यायची होती, आणि जमलं तर ज्यानं हॉयटला शेवटी पाहिलं त्याच्या तोंडून तेच एकदा ऐकायचं होतं.

अर्ल पट्ट्याच्या कडेला बादलीवर बसला होता. पायाशी कुत्री, शेजारी मेहुणा डब, दोघांच्या मध्ये उकडलेल्या शेंगांची पिशवी. तिला पाहून अर्ल उठला, टोपी काढली. चादर त्यानं दोन्ही हातांनी घेतली.

"एवढ्यासाठी आलात होय, लोरीनबाई? मला तर ती आठवतही नव्हती."

"दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये."

"दाजींच्या घरात अर्ध्या वस्तू माझ्या आहेत," डब म्हणाला. "त्यांना जरा सांगा."

"तुझी बहीणही माझ्याच घरात आहे. घेऊन जातोस?"

ती हसली. मग विचारलं, "कुठे बसला होता तो?"

अर्लनं हात केला. समोर सूर्यफुलाचा रुंद पट्टा होता; ताटं माणसाहून उंच, वाळलेली, फुलांच्या माना खाली पडलेल्या. "त्या पट्ट्याच्या पोटात. ताटं मोडून जागा केली होती त्यांनी. इथून फटींतून नुसती टोपी दिसायची. पण आता जाऊ नका. बारा वाजले की पलीकडूनही बार सुरू होतील. जरा शांत झालं की मी नेतो."

बारा वाजले आणि शेत फुटलं. होले पाइनच्या रानावरून थव्याथव्यानं आले. दारूचा जळका वास पसरला, चिलटं डोळ्यांपुढे नाचत राहिली, ताटं उन्हात करकरत राहिली. लोरीन अर्लच्या मागे सावलीच्या पट्टीत बसली. मध्येच कुठूनतरी हाळी यायची, "लो...", आणि तेवढ्यापुरत्या आसपासच्या बंदुका खाली व्हायच्या.

"लो म्हणजे खाली. होला खालून उडतोय असं सांगायचं ते," अर्लनं तिला समजावलं. "खालच्या पाखरावर बार टाकला तर पलीकडचा माणूस जायचा. म्हणून लो म्हटलं की थांबायचं. कोण म्हणालं, का म्हणालं, विचारायचं नाही." तो काडतूस भरता भरता सहज बोलून गेला, "तुमचा माणूस फार जपायचा हो या गोष्टीला. गेल्या वर्षी दुपारभर चाललं होतं. लो... लो... होले उंचावरून जात होते, तरी लो."

"मी म्हणालो, म्हाताऱ्याचे डोळे गेलेत," डब म्हणाला.

"तरी आम्ही बंदुका खाली घेतल्या. ऊन कलेपर्यंत ओरडत होते बिचारे. आवाज बारीक होत गेला. म्हटलं, दमले."

अर्लनं मान वळवून पाहिलं, तेव्हा लोरीनचा चेहरा बदललेला होता.

"पाखरांसाठी नव्हतं ते," ती म्हणाली. "तो मला लो म्हणतो."

अर्लच्या हातातलं काडतूस खाली पडलं आणि तसंच राहिलं.

"लग्नाआधीपासून. लोरीन म्हणायला त्याला वेळ नसायचा. पायातला मोजा सापडला नाही तरी लो, दारात साप आला तरी लो."

"लोरीनबाई... आम्हाला..."

"तुम्हाला कसं कळणार." ती हातातला रुमाल पिळत होती. "मी त्या दुपारी ओसरीवर चवळी सोलत होते. पंखा लावला होता. रेडिओ चालू होता." एवढंच बोलली. क्षणात गेलेला माणूस ऊन कलेपर्यंत तिला हाका मारत होता, आणि भोवतीची भली माणसं दर हाकेला अदबीनं बंदुका खाली करत होती.

तेव्हाच पट्ट्यातून आवाज आला.

"लो..."

बारीक नव्हता, मोठा नव्हता. वरून होल्यांचा थवा चालला होता, उंच, निळ्यात. सवयीनं डबची बंदूक खाली गेली. पलीकडचेही बार थांबले.

"कोण आहे आत?" डब पुटपुटला.

"कुणी नाही. सकाळपासून मी इथं आहे," अर्ल म्हणाला. "आत कुणी गेलेलं नाही."

"लो..."

कुत्री उठून बसली होती. गुरगुरत नव्हती. पट्ट्याकडे पाहत शेपटी हलवत होती, ओळखीचं माणूस दिसल्यासारखी.

"दाजी... हा तोच आवाज..."

लोरीन उठली.

"थांबा, बाई. समोर बंदुका आहेत."

"लो म्हटलं की थांबायचं ना? मग थांबतील ते."

ती ताटांत शिरली. पानं कोरडी, खरखरीत, गालाला ओरबाडणारी. चार पावलांवर मागचं शेत दिसेनासं झालं. हाक थांबली की पलीकडे एखादा बार उडायचा आणि छर्रे डोक्यावरच्या फुलांत पावसाच्या थेंबांसारखे सांडायचे. मग पुन्हा हाक, आणि सगळं शांत. जणू तोच तिला वाट करून देत होता. पण हाक जवळ येईना. ती चालायची तेवढी हाक मागे सरायची, आणि दर वेळी जरा अधिक थकलेली वाटायची.

लोरीनच्या ध्यानात आलं. हाक मारणारा माणूस उत्तर मिळेपर्यंत हाक मारतो.

"आले रे," ती ओरडली. "आले, हॉयट. ऐकलं मी."

पुढची हाक आली नाही.

दोन पावलांवर ताटं मोडून केलेली जागा होती. गेल्या वर्षीची जागा राहिलेली असणं शक्य नव्हतं. खातं दर वसंतात शेत नांगरून नवं पेरतं. तरी ताटं मोडलेली होती, ताजी, आणि मोडल्या जागी ओलसर. मातीवर बादलीच्या बुडाचा गोल उमटला होता. त्यात ती बसली. माती ऊन होती, माणूस नुकताच उठून गेल्यासारखी. त्याच्या तंबाखूचा वास आला आणि गेला.

ती त्याच्याशी बोलत बसली. चवळीचं सांगितलं, पंख्याचं सांगितलं. डॉक्टर खोटं बोलला आणि मला ते सोयीचं वाटलं, हेही सांगितलं. रडताना, ओरडताना तिचा घसा बसला. बोलायचं संपलं तेव्हा ती गप्प झाली, आणि ऊन उतरेपर्यंत गप्पच राहिली. त्या सबंध वेळात तिच्या आसपास एकही बार उडाला नाही.

बाहेर आली तेव्हा अर्ल आणि डब बंदुका रिकाम्या करून उभे होते. शेंगांची पिशवी तशीच होती.

"बरं आहे ना, बाई?" अर्लनं विचारलं.

तिनं मान हलवली. बसलेल्या घशानं म्हणाली, "झालं. आता तो हाक मारणार नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अर्लनं तिला गाडीपर्यंत सोडलं, दार उघडून दिलं. शेत मोकळं होत आलं होतं. दूर कुठे गाड्यांची दारं लागत होती. पाइनच्या रानामागे तांबूस उजेड उरला होता.

"तुमचा आवाज आतून येत होता दुपारभर," अर्ल हळूच म्हणाला. "तो हाक मारायचा, तुम्ही ओ द्यायचात. सूर्य कलेपर्यंत. आम्ही ऐकत होतो."

"मी एकदाच ओ दिली, अर्ल."

अर्लनं वळून शेताकडे पाहिलं.

पट्ट्यातून आवाज आला. "लो..."

लोरीननं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्याआधीच सूर्यफुलांतून कुणीतरी ओ दिली, "आले रे, आले", मायेनं, सावकाश, आणि तिच्याइतक्याच बसलेल्या घशानं.