पाटीसकट दार

कल्याणीला जुन्या वस्तूंचं भारी वेड. बिबवेवाडीतल्या तिच्या फ्लॅटमध्ये न्हाव्याची फिरती खुर्ची होती, दवाखान्यातला वजनकाटा होता. साधी खुर्ची मागायचं तिच्या नवऱ्याने, सुदर्शनने, केव्हाच सोडून दिलं होतं.

मग ते दार आलं. खडकीतल्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या डार्करूमचं, जाड सागवानी. वर निळी पाटी: ‘आतून कितीही ठोठावले तरी दार उघडू नये.’

‘‘पाटी तेवढी द्या ना,’’ कल्याणी म्हणाली होती.

‘‘सुटी मिळणार नाही,’’ दुकानदार नागोराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. ‘‘आणि वाचता येत असेल, तर पाळाही.’’

तिला ते फारच आवडलं. तिने दार घरातल्या अडगळीच्या खोलीला बसवलं. पाहुणे आले की एकाला आत कोंडायचं, त्याने ठोठावायचं आणि बाकीच्यांनी हसत बसायचं. ‘‘पाटीचा मान राखा हं!’’ हे तिचं ठरलेलं वाक्य. डार्करूमची कडी खरं तर आतून हवी, फोटो धुताना कुणी दार उघडून उजेड आत सोडू नये म्हणून. या दाराला ती फक्त बाहेरून होती, पण यातलं विचित्रपण तिच्या कधी लक्षातच आलं नाही.

रविवारी दुपारी ती पितळ घासायची पावडर आणायला त्या खोलीत गेली. मागे दार लोटलं गेलं. बाहेर कडी पडली.

आत मिट्ट काळोख. आंबूस, औषधी वास, या खोलीला कधीच नव्हता असा. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. सुदर्शन हॉलमध्येच होता.

‘‘अरे, उघड! गंमत नाही ही!’’

त्याची पावलं दाराशी आली. तिचा जीव भांड्यात पडला.

‘‘कल्याणी? आत आहेस?’’

‘‘हो! उघड लवकर...’’

‘‘मी इथे आहे,’’ स्वयंपाकघरातून कल्याणीचाच आवाज आला. ‘‘पाटीचा मान राख हं!’’

 सुदर्शन हसला, पण जरा घाईने. पावलं लांब गेली. टीव्हीचा आवाज वाढला.

ती ओरडत राहिली. घसा बसला. मग बांगड्या किणकिणल्या, बाहेरून, अगदी दाराला लागून.

‘‘नको दमूस...’’ तिचाच आवाज कुजबुजला. ‘‘मीही खूप वर्षं ठोठावलं.’’

‘‘कुणाशी बोलतेस गं?’’ हॉलमधून सुदर्शनने विचारलं.

‘‘कुणाशी नाही. पाटी पुसतेय.’’

आणि पाटीवरून ओलं फडकं फिरू लागलं, सावकाश, दर रविवारी कल्याणी फिरवायची तसंच.